लोकलने गाठता येणारा अंधार

नवी मुंबईत राहणाऱ्याला तारे पाहायचे असतील तर ठाण्याला जाऊन कर्जत लोकल पकडावी लागते. नेरूळच्या किंवा वाशीच्या गच्चीवरून मृगाचे चार कोपरे आणि मधले तीन तारे दिसतात, व्याध दिसतो, गुरू-शुक्र असतील तर तेही दिसतात. पण कृत्तिकांच्या जागी पुसट डाग उरतो आणि देवयानी दीर्घिकेची जागा नेमकी ठाऊक असूनही तिथे काही सापडत नाही. म्हणून अमावस्येजवळच्या शनिवारी मुले, शिक्षक, निवृत्त माणसे पाठीला सॅक लावून बदलापूरच्या पुढे वांगणीला उतरतात. खगोल मंडळाने इथे वर्षानुवर्षे रात्रभराचे आकाशदर्शन चालवले आहे. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबई परिसरात आकाशवेड्यांचे जे गट जमले, त्यांतला हा एक. कल्याणचे आकाशमित्रही त्याच काळातले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. या मंडळांनी महाराष्ट्रातल्या किती मुलांना पहिल्यांदा शनीची कडी दाखवली असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण या कामाची योग्यता मला मोठ्या वेधशाळेपेक्षा कमी वाटत नाही.

फेब्रुवारीतली रात्र सर्वांत चांगली. हवा कोरडी, थंडी सोसवेल इतकी. सतरंज्या अंथरल्या जातात, विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधला जातो, मोबाइल खिशात ठेवायला सांगितले जाते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एक पांढरा झोत ती क्षणात घालवतो. सवय झाली की आकाश भरत जाते. देवयानी दीर्घिका पश्चिमेकडे उतरू लागलेली असते. तिथून निघालेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो आणि तो टिपायला नुसता डोळा पुरतो, हे शाळकरी मुलाला पहिल्यांदा कळते तेव्हा ते मूल काही वेळ प्रश्न विचारत नाही. मृग डोक्यावर असतो, त्याच्या खाली व्याध आणि आणखी दक्षिणेला अगस्ती. मग ईशान्येकडून सप्तर्षी वर चढतात, वसिष्ठाशेजारची अरुंधती कोणाला दिसते यावर चढाओढ होते. मध्यरात्र उलटल्यावर दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकू उभा राहतो. पहाटे वृश्चिक माथ्याच्या दक्षिणेला येतो, त्याच्या शेपटीपाशी आकाशगंगेचा दाट भाग. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जागे राहिलेल्याने वर्षभराचे बहुतेक आकाश एका रात्रीत पाहिलेले असते.

यातल्या दक्षिणेकडच्या ताऱ्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ३७ अंश उत्तर अक्षांशापलीकडे अगस्ती उगवतच नाही. लंडन-पॅरिसच्या माणसाला त्रिशंकू पाहायला समुद्र ओलांडावा लागतो. आपण १९ अंशांवर राहतो. आपल्याला उत्तरेचा ध्रुवही दिसतो आणि दक्षिणेचा त्रिशंकूही. फक्त हे दक्षिणेचे तारे आपल्याकडे क्षितिजापासून फार वर येत नाहीत. अगस्ती १८ अंश, त्रिशंकूचा खालचा तारा जेमतेम आठ. शहरांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो तो सर्वाधिक क्षितिजालगतच. म्हणजे या अक्षांशाने आपल्याला जे खास दिले, तेच आधी जाते.

आणि ते जात आहे. वांगणीच्या पश्चिमेला चंदेरी-नाखिंदची रांग, दक्षिणेला माथेरान. या डोंगरांनी पनवेलकडचा उजेड बराच अडवला, तरी त्यांच्या माथ्यावरची झळाळी लपत नाही. बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला तर आडोसाच नाही. जुने सोडियमचे पिवळे दिवे प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्यांत जळत, त्यांचा बराच उजेड गाळणीने अडवता येई. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो, आणि हवेत सर्वाधिक विखुरतो तो निळाच.

जगभर काय घडते आहे ते हौशी निरीक्षकांनीच दाखवून दिले. २०११ ते २०२२ या काळात सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२३ च्या जानेवारीत ‘सायन्स’ नियतकालिकात आला. नोंदी मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतल्या. त्यांच्या हिशेबाने रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळते आहे. ज्या ठिकाणी मूल जन्मते तेव्हा २५० तारे दिसतात, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत १०० उरतात. उपग्रहांच्या मोजमापात ही वाढ कितीतरी कमी दिसत होती, कारण त्यांच्या संवेदकांना निळा प्रकाश टिपता येत नाही आणि आडवा पसरणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. उपग्रहाला न दिसलेले जमिनीवर उभ्या असलेल्या हौशी माणसाला दिसले.

आता यावर करायचे काय? ‘प्रगती होणार, अंधार जाणार’ असे म्हणून हा प्रश्न सोडून देणाऱ्यांना मी आपल्याच इतिहासातली दोन उदाहरणे सांगेन. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची जी मोजकी मोजमापे जगात उपलब्ध आहेत, त्यांत कुलाब्याची नोंद फार मोलाची मानली जाते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे दिसू लागले, तेव्हा त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. दोन्हीकडच्या नोंदी दोन वर्षे समांतर घेतल्या, मगच कुलाब्याचे काम थांबवले. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. हा वारसा सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईतच, नवीन पनवेलला आहे. दुसरे उदाहरण ताजे. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीला रेडिओलहरींची शांतता लागते, म्हणून पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावजवळून आखलेला मार्ग बदलावा लागेल, असे २०२४ च्या अखेरीस रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले. १९०४ मध्ये वेधशाळा हलली, २०२४ मध्ये रेल्वेला वळण घ्यावे लागले. विज्ञानाला लागणारी शांतता ही जपण्याची वस्तू आहे, हे तत्त्व या राज्यात मान्य झालेलेच आहे.

फरक इतकाच की तिथे मागणारी संस्था होती. वांगणीच्या अंधारासाठी भांडायला कोणी संचालक नाही. त्याचा लाभ घेणारा म्हणजे उल्हासनगरचा नववीतला मुलगा किंवा कोपरखैरण्याची शिक्षिका.

एक आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. ज्या पाड्यांवर वीज उशिरा पोचली, ज्यांनी भारनियमन सोसले, त्यांना शहरातून रात्रीपुरते आलेल्यांनी ‘अंधार ठेवा’ म्हणावे का? मुळीच नाही. महापेहून रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या मुलीच्या रस्त्यावरचा एकही दिवा कमी व्हावा असे मी म्हणणार नाही. पण आकाश उजळते ते पाड्यावरच्या दिव्याने नव्हे. ते उजळते वर तोंड केलेल्या जाहिरात फलकांनी, टर्फच्या मैदानांवरच्या प्रखर झोतांनी, इमारतींच्या दर्शनी भिंतींवर रात्रभर सोडलेल्या रोषणाईने. टोपण घातलेला, जमिनीकडे वळवलेला, पिवळसर दिवा रस्ता अधिक चांगला दाखवतो, कारण तो डोळ्यांवर येत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पात हे करून झाले आहे. सिल्लारीसारख्या गावांतले शंभरहून अधिक दिवे खाली तोंड करणारे बसवले गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातले पहिले डार्क स्काय पार्क ठरले. गावे अंधारात गेली नाहीत.

‘मग भंडारदऱ्याला जा, माळशेजला जा,’ असेही सुचवले जाते. जाता येते, गाडी असेल तर. वांगणीचे मोल हेच की तिथे लोकलच्या तिकिटात पोचता येते, पहाटेच्या गाडीने परतता येते आणि आईवडील मुलाला एकट्याने पाठवू शकतात. हा अंधार गेला तर आकाश पाहणे ही मोटार बाळगणाऱ्यांची चैन होईल.

नवी मुंबई आखून वसवलेले शहर आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा खाडी, टेकड्या आणि तलाव धरून नकाशे काढले गेले. आता विमानतळाभोवती, ‘नैना’ या विमानतळ प्रभाव क्षेत्रात, तसेच दुसरे शहर आखले जात आहे, आणि ते पसरणार आहे माथेरानच्या पायथ्याकडेच. रस्त्याला खांब रोवायच्या आधी दिव्याला टोपण बसवणे फारसे खर्चाचे नाही. नंतर हजारो दिवे बदलणे महाग पडते. बांधकाम परवानगीच्या अटींत बाहेरच्या दिव्यांसाठी एक ठळक कलम असावे: प्रकाश खाली, रंग पिवळसर, फलक आणि रोषणाई मध्यरात्रीनंतर बंद. हौशी मंडळांनी आपल्या नोंदवह्यांतली जुनी निरीक्षणे काढून, कोणत्या वर्षी कोणता अंधूक तारा दिसत होता याचा तक्ता करून, ही मागणी सिडकोपुढे आणि पनवेल महापालिकेपुढे लेखी ठेवावी. आणि वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर वर तोंड केलेला एखादा दिवा असेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय तुम्ही मांडा.