विद्यापीठ आणि क्रीडांगण

ज्या विद्यापीठाच्या परिसरात कीर्तीचे माप केवळ परीक्षांच्या निकालावरून घेतले जाते, तेथे क्रीडांगणाची आवश्यकता आहे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. खेळाने शरीर सुदृढ होते, सुदृढ शरीरात बुद्धी तरतरीत राहते, सबब खेळ असावा, हे ठराविक उत्तर आपणा सर्वांस पाठ आहे. स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष ते दरवर्षी ऐकवतात आणि दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या स्मरणात राहत नाही. परंतु या उत्तराचा मूळ प्रश्नास स्पर्शच होत नाही. व्यायाम एकट्यासही खोलीचे दार लावून करता येतो. त्यासाठी विद्यापीठ नको आणि मैदानही नको. खरा प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे. शेकडो तरुण काही वर्षे एका छपराखाली शिकतात. ते परस्परांचे काही देणे लागतात काय? आणि लागत असतील, तर ते देणे ओळखण्याचे शिक्षण त्यांस कोठे मिळावयाचे?

आमच्या नांदेड-लातूरच्या बाजूस हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. लातूर येथे १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे, १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा, त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'लातूर पॅटर्न' या नावाने सर्व महाराष्ट्रास परिचित झालेली अध्ययनपद्धती याच महाविद्यालयाच्या नावाशी निगडित आहे. जादा तास, प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडविण्याचा सराव आणि विद्यार्थ्यावर शिक्षकांची सतत देखरेख, ही तिची साधी परंतु कष्टाची सूत्रे. या पद्धतीस हिणवणे हा कृतघ्नपणा होईल. हैदराबाद संस्थानात आमच्या वडीलधाऱ्यांस उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळत नव्हते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा मागे पडलेल्या मुलखातील मुलांची नावे जेव्हा गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने झळकू लागली, तेव्हा एका प्रांताची मान ताठ झाली. पुढे त्या याद्या गेल्या. त्यांची जागा आता वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांनी घेतली आहे, आणि परजिल्ह्यांतील मुले लातुरात खोल्या घेऊन, खानावळीत जेवून शिकवणी वर्गांच्या पायऱ्या झिजवीत आहेत.

तेव्हा आमच्याकडे संस्थेचा अभिमान नाही असे कोणी म्हणू नये. तो आहे, आणि उत्कट आहे. विचार करावयाचा तो त्याच्या जातीचा. यादीत पहिला येणारा विद्यार्थी संस्थेस भूषण होतो. परंतु त्याच्या यशात त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलाचा वाटा कोणता? फार तर टाळ्या वाजविण्याचा. किंबहुना तो शेजारी एका गुणाने मागे राहिला, हेच पहिल्याच्या पहिलेपणाचे कारण असते. येथे संस्था अभिमान बाळगते, पण विद्यार्थी परस्परांस अंतरतात.

याच्या शेजारी आपला खो-खो ठेवून पाहावा. या खेळाचे नियम प्रथम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी. पैकी आठ एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसलेले, आणि एकच धावणारा. या धावणाऱ्यास मागे वळण्याची मुभा नाही, मधली पाटी ओलांडण्याची मुभा नाही. गडी हातचा निसटू लागला की त्याने बसलेल्या सोबत्यास मागून खो द्यावयाचा आणि स्वतः त्याच्या जागी बसावयाचे. जो आपला पाठलाग वेळेवर दुसऱ्याच्या स्वाधीन करीत नाही तो कितीही चपळ असो, संघास बुडवतो. परीक्षेच्या दालनात शेजाऱ्यास साहाय्य करणे हा अपराध आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु ज्या तरुणाचे सारे आयुष्य त्या दालनातच गेले, त्याच्या मनात साहाय्य आणि अपराध यांची कायमची सांगड बसली, तर दोष त्याचा म्हणावा की आमचा? उद्या हाच तरुण डॉक्टर होऊन रुग्णालयात जाईल, अभियंता होऊन धरणावर जाईल. तेथे आपल्या हातचे काम दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देणे हेच अर्धे काम असते. ते त्याने कोठे शिकावे?

दुसरी गोष्ट पराभवाची. सामन्यात एका पक्षाने हरणे अपरिहार्य असते आणि त्या हरण्यास मान असतो. हरणाऱ्यावाचून सामनाच होत नाही. प्रवेशपरीक्षेत हरणाऱ्यास स्थानच नाही. जाहिरातीच्या फलकांवर निवडलेल्यांची छायाचित्रे लागतात. उरलेल्यांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. दोन-तीन गुणांनी प्रवेश हुकलेला मुलगा महिनोन्‌महिने गावी तोंड दाखवीत नाही, आणि सकाळी सामना हरलेला मुलगा संध्याकाळी जिंकणाऱ्याबरोबरच चहा घेत बसतो, ही दोन्ही दृश्ये माझ्या अध्यापनकाळात मी अनेकवार पाहिली आहेत. दोघांच्या स्वभावात फारसे अंतर नसते. अंतर असते ते एकाने हरण्याचा सराव केलेला असतो, दुसऱ्याने केलेला नसतो, एवढेच. सोळा-सतरा वर्षांच्या जीवास पहिला पराभव जर अखेरचा वाटू लागला, तर त्याची जबाबदारी केवळ परीक्षेवर ढकलून आपणांस सुटता येणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. दुष्काळी टापूतील शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून मुलास शहरात ठेविले आहे. त्या मुलाने मैदानावर तास घालविणे हा बापाच्या घामाचा अपमान नव्हे काय? खेळ ही सुखवस्तूंची चैन आहे! परंतु वस्तुस्थिती याच्या उलट साक्ष देते. १९६९ साली महाराष्ट्र केसरी ठरलेले आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात सतपालास चीत करणारे हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड या खेड्याचे. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारतीय पथकाचा ध्वज ज्या दोघांच्या हाती होता त्यांपैकी एक, बसून गोळा फेकणाऱ्या भाग्यश्री जाधव, या नांदेड जिल्ह्याच्या. सुखवस्तू घरांच्या अंगणात ही रोपे वाढली नाहीत. परंतु बिराजदारांस कुस्तीसाठी कोल्हापूरची तालीम गाठावी लागली, हेही विसरता येत नाही.

आणि कोल्हापूरच का? ज्या राजर्षींचे नाव आमच्या महाविद्यालयाने घेतले त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि या दोहोंच्या मध्ये, १९१२ साली, खासबागेचे कुस्तीचे मैदानही उभारले. वसतिगृह आणि आखाडा या त्यांच्या दृष्टीने एकमेकांच्या शत्रू असलेल्या वस्तू नव्हत्या. आम्ही त्यांच्या वारशातील वसतिगृह उचलले आणि आखाडा तेथेच ठेविला.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. खेळाचा उदो उदो झाला की विद्यापीठाची जत्रा होते, असे ते म्हणतात. आणि शिकागो विद्यापीठाचा दाखला त्यांच्या बाजूने देता येईल. तेथील अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ साली विद्यापीठाचा फुटबॉलचा संघच मोडीत काढला. १९४२ च्या २ डिसेंबरास, त्याच ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षकगृहाखाली, मानवाने अणूची पहिली स्वयंचलित शृंखलाप्रक्रिया घडवून आणली. विद्येच्या विजयाचे याहून बोलके चित्र मिळणे कठीण! तथापि हचिन्स यांचा राग खेळावर नव्हता, खेळाच्या बाजारावर होता. विद्यार्थ्यांचे आपापसातील खेळ तेथे चालूच राहिले, आणि १९६९ साली, बाजाराचा संपर्क टाळून, फुटबॉलही परतला. शिकागोने तमाशा बंद केला, खेळ नव्हे. आमच्याकडे तमाशा नव्हताच. आम्ही खेळच उपेक्षेने बंद पाडीत आहो. नांदेडास श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकीचे सामने भरतात तेव्हा लोक आवडीने जमतात. म्हणजे रसिकतेची उणीव नाही. उणीव आहे ती आपल्या मुलांनी मैदानात उतरण्याची. विद्वत्तेस खेळाने बाध येतो म्हणावे, तर संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला होता.

सरकारचे या बाबतीत लक्ष नाही असेही नव्हे. खेळाडूंस दहावी-बारावीस सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात. हेतू चांगला आहे. परंतु गुणांसाठी खेळणारा मुलगा मैदानावरही परीक्षाच देत असतो. जेथे खेळ प्रमाणपत्राचे साधन झाला तेथे क्रीडांगण ही गुणपत्रिकेची एक वसाहत झाली, असे समजावे.

आपल्या विद्यापीठास ज्यांचे नाव दिले आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक होते. त्यांच्याच काळात, १९३८ साली, 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, आपले शिक्षण पणास लाविले, आणि त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. 'आपण' या शब्दाचा अर्थ त्या मुलांस ठाऊक होता. असे प्रसंग युगायुगांनी येतात आणि ते येऊ नयेत हेच बरे. परंतु तो शब्द विसरला जाऊ नये म्हणून काही नित्याचा अभ्यास पाहिजे. क्रीडांगण हा तो अभ्यास होय.

यासाठी भव्य प्रेक्षागारे नकोत. दिवसाचा एक तास पुरे. मात्र तो निवडक खेळाडूंचा नसावा, सर्वांचा असावा, आणि ज्यास धड धावता येत नाही त्याचाही असावा. त्या तासाचे गुण कोणी मांडू नयेत. शेतकरी बापास जाब द्यावयाची वेळ आली तर प्राचार्यांनी निर्भयपणे सांगावे की, तुमच्या मुलास आम्ही जिंकावयास शिकविण्याचा यत्न करीत आहोच. पण तो हरला तरी तुमच्याकडे धडधाकट परत यावा, याचीही तजवीज आम्ही करीत आहो.