सुभेदारांच्या घरातला प्रश्न



दीक्षा घेऊन घरी आल्यावर देव्हारा उचलायला अर्धा तास पुरतो. पण त्या देव्हाऱ्यापुढे पन्नास वर्षे बसलेल्या म्हाताऱ्याचे काय करायचे? तुमच्याही घरात असे आजोबा असतील. त्रिशरणाला सर्वांबरोबर हात जोडतात आणि अंथरुणावर पडले की विठ्ठलाचे नाव पुटपुटतात. गळ्यातली माळ काही सुटत नाही. नातवंडे हसतात, मुलगा चिडून म्हणतो, "बाबा, आपण आता बौद्ध झालो ना!" आणि घरात दोन दिवस अबोला.

अशा घरांनी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे घर एकदा नीट पाहावे.

लष्करी शाळेत हेडमास्तरकी केलेला हा माणूस शिस्तीचा कडक आणि भक्तीचा त्याहून कडक. पंथ कबीराचा. मूर्तिपूजेवर विश्वास नाही. पण पोरांसाठी म्हणून गणपतीची पूजा मात्र करीत! बाबासाहेबांना ही विसंगती लहानपणीच खटकली होती. रोज रात्री निजण्यापूर्वी भीमराव आणि थोरले बंधू यांनी बहिणींना व जमलेल्या मंडळींना महाभारत-रामायण वाचून दाखवायचे, हा घरचा हुकूम. तो वर्षानुवर्षे चालला.

पुढे मुंबईस परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला लवकर निजवून सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, दोनला त्याला अभ्यासाला उठवीत, आणि मगच आपण आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. मी मास्तर आहे. दहा वेळा निरोप धाडूनही शाळेची पायरी न चढणारे बाप मी पाहतो, तेव्हा हा म्हातारा मला आठवतो.

भीमराव इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा आपल्या लोकांना सभा भरवून कौतुक करावेसे वाटले. सुभेदार आडवे आले. पोराच्या डोक्यात वारे शिरेल म्हणाले! शेवटी दादा केळुसकरांनी समजूत घातली, सभा झाली, आणि दादांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले.

ते वाचून मुलाने बापाला विचारले: तुम्ही आम्हाला बुद्धाचे वाङ्मय का वाचू दिले नाही? ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारी पुस्तकेच का वाचायला लावता? सुभेदारांनी दरडावून गप्प केले. तुम्ही पोरे आहात, सांगितले ते करा.

बहुतेक घरांत प्रकरण इथेच संपते. त्या घरात संपले नाही. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी बापाने विचार करून ठेवला होता. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड बसेल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतून केवढे चढले ते कळावे, म्हणून वाचायला लावतो, असे ते म्हणाले. मुलाला त्यात तथ्य वाटले, समाधान मात्र झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच मला पटत नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. सुभेदार गप्प राहिले. हे बंड आहे, हे त्यांनी ओळखले.

ही हकीकत बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना, त्यांना बापाचे ते घर आठवले.

तथागतांनी कालामांना सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. मुलाचा प्रश्न त्याच जातीचा होता. पण मला थोरवी बापाचीही वाटते. पहिल्या वेळी त्याने हुकूम दिला, दुसऱ्या वेळी कारण दिले. ज्या घरात हुकमाच्या जागी कारण येते, तिथे धम्माला दार सापडते.

गैरसमज नको. बावीस प्रतिज्ञांत तडजोड नाही. आजोबांचे मन राखायला देव्हारा परत मांडू नका. सुभेदारांचा मुलगाही 'होय बाबा' म्हणून मोकळा झाला नव्हता. पण त्याने बापाची टिंगल केली नाही. आजोबांच्या गळ्यातली माळ हिसकू नका. तिने त्यांना काय दिले ते विचारा. जातीचा चटका बसलेल्या माणसाने कोणत्या आधारावर दिवस काढले, ते तरी कळेल. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. त्यांतला कबीर त्यांच्या घरात वडिलांबरोबरच होता.

सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल.