महिन्यांचा हिशेब

शास्त्रभाग : उत्पत्ती ३८:२४-२६, मत्तय १:१८-१९, लूक १:३९-५६



नव्या सुनेला दिवस गेल्याची बातमी आली की आपल्या मंडळीत देवाचे उपकार मानले जातात, आणि त्याच दिवशी कोठेतरी बोटांची पेरेही मोजली जातात. लग्न होऊन झाले सहा आठवडे, डॉक्टरीणबाईंच्या कागदावर मात्र आठ! मग कुजबुज सुरू होते, घरात अबोला धरला जातो, आणि एक दिवस मुलगी माहेरी पाठविली जाते.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसह सर्वांनी एक साधी गोष्ट समजून घ्यावी. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे बहुधा आईलाही ठाऊक नसते. शेवटची पाळी कधी आली हे मात्र तिला सांगता येते. यास्तव डॉक्टर त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि २८० दिवस धरून बाळंतपणाची तारीख काढतात. आपल्या आज्यांचे नऊ महिने नऊ दिवसही जवळजवळ तेवढेच भरतात. परंतु गर्भ राहतो तो पाळी सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात मूल नसतेच! कागदावर आठ आठवडे असले, तर गर्भ राहून सहाच झालेले असतात. पाळी अनियमित असली तर हा हिशेबही चुकतो. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तो दुरुस्त करतात, तरी पाच-सात दिवसांचा फरक राहतोच. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे तर शंभरात चार-पाच.

शास्त्रातही महिने मोजलेले आढळतात. तामारेला दिवस गेल्याचे यहूदाला सुमारे तीन महिन्यांनी कळले, आणि काही चौकशी न करता त्याने तिला बाहेर काढून जाळण्याची आज्ञा केली. तिने त्याचीच मुद्रा, गोफ व काठी पुढे केली, तेव्हा आपल्यापेक्षा तीच अधिक नीतिमान आहे हे त्याला कबूल करावे लागले. (महिने नेहमी स्त्रीचेच का मोजले जातात, हे पुरुषवर्गाने घरी जाऊन स्वतःस विचारावे.) याच तामारेचे नाव मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत घातले आहे.

योसेफाची गोष्ट याहून कठीण. त्याला बोटे मोजण्याची गरजच नव्हती. सहवासापूर्वीच मरीया गर्भवती असल्याचे दिसून आले होते, आणि देवदूत अद्याप स्वप्नात आला नव्हता. तरीही तिची बेअब्रू होऊ नये अशीच त्याची इच्छा होती. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो तो स्वप्नाच्या आधी, हे आपण वाचताना विसरतो.

मग हिशेब खरोखरच लग्नाआधी जात असेल तर? पापाला आम्ही पापच म्हणतो. परंतु ते बोलणे पाळकांच्या खोलीत व्हावे, चर्चच्या पायऱ्यांवर नव्हे. आणि एकट्या मुलीशी नव्हे, तर दोघांशी. बाळाने मात्र काही केलेले नाही. त्याचा बाप्तिस्मा किंवा अर्पणविधी त्यावरून अडविणे आम्हांस मान्य नाही.

या कुजबुजीचा एक परिणाम फारसा कोणी ध्यानात घेत नाही. घरचे माणूस शेजारी उभे असते, म्हणून भेदरलेली मुलगी दवाखान्यात पाळीची तारीख खोटी सांगते. पुढे बाळाची वाढ खुंटली आहे की अजून दिवसच भरलेले नाहीत, हे डॉक्टरांना नीट ठरविता येत नाही. अवेळी कळा सुरू झाल्या तर उपचारही चुकू शकतो, आणि आपल्या जिभेची किंमत त्या जिवाला मोजावी लागते.

मरीया डोंगराळ प्रदेशात घाईने अलीशिबेच्या घरी गेली, तेव्हा तिला थोडेच दिवस झाले असावेत. अलीशिबेला स्वतःला सहावा महिना. तिने मरीयेला कधीपासून म्हणून विचारले नाही, धन्य म्हटले. आणि मरीया तेथे सुमारे तीन महिने राहिली. आपल्या महिला मंडळात असे एखादे घर असावे, जेथे घाबरलेली मुलगी खरी तारीख सांगू शकेल, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई तिच्याबरोबर दवाखान्यात जाईल.