घाण कोणाची?

शौच म्हणजे शुद्धी. पतंजलींनी पाच नियम सांगितले, त्यांत पहिला मान शौचाचा. परंतु ही शुद्धी जाते कोठवर? देहापाशी थांबते, घराच्या उंबरठ्यापाशी थांबते, की रस्त्यापर्यंत पोचते? वाचकहो, हा प्रश्न आम्हांस अलीकडे वारंवार पडतो. त्याचे कारण असे.

आमच्या रत्नागिरीकडची काही मुले नोकरीनिमित्त परदेशी आहेत. सुटीत गावी आली की कीर्तनाला येतात, आणि आरती झाल्यावर गप्पा निघतात. सिंगापूरची मंडळी म्हणतात, "बुवा, तिकडे रस्त्यात कागद टाकायची सोय नाही, दंड बसतो!" नुसता दंडच नव्हे, 1992 पासून तेथे कचरा टाकणाऱ्यास सार्वजनिक जागा झाडण्याची शिक्षाही होऊ शकते. ऐकणारे थक्क होतात. अहो, थक्क कशाला व्हायचे? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हेच आहे. अडचण नसता राजमार्गावर घाण करील त्याने दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण लागलीच काढावी. अडलेला, वृद्ध, गर्भिणी, मूल यांना दंड नाही, फक्त समज द्यावी. जागा मात्र साफ झालीच पाहिजे.

मग आपल्याकडे बिघडले कोठे? त्याच शास्त्राचा आधार घेऊन समाजाने कामे जन्मावर वाटली. घाण करणारा एक आणि उपसणारा दुसरा, अशी विभागणी झाली. करणारा स्नान करून शुद्ध ठरला, उपसणारा कायमचा अशुद्ध! हे कसले शौच?

या अन्यायाला आमच्या रत्नागिरीच्या तुरुंगातच एकाने हात घातला. अप्पासाहेब पटवर्धन हे याच जिल्ह्यात 1894 साली जन्मले. 1932 साली ते येथे राजबंदी होते. मैलासफाईचे काम आपणांस द्यावे, असे त्यांनी मागितले. ते ब्राह्मण, म्हणून तुरुंगाने नाकारले. अप्पांनी अन्न कमी केले. येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी 3 डिसेंबर 1932 रोजी उपवास आरंभला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करण्याचे संडास बांधून दाखवले. काम हलके नसते, ते दुसऱ्यावर ढकलणारे मन हलके असते, हे त्यांनी शिकवले.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडेही सिंगापूरसारखा दंड ठेवा, म्हणजे झाले. दंड असावा, पण शिपायाची पाठ वळली की दंडाचे भय संपते. जपानात पाहा. 1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर तेथील सार्वजनिक जागांतील पुष्कळशा कचरापेट्या काढण्यात आल्या. तरी रस्ते घाण झाले नाहीत. माणसे आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. शाळेत मुले आपला वर्ग आपणच झाडतात, तेथेच ही सवय लागते. आपली घाण आपली, एवढेच ते शिकतात.

आणि आपण? आपण तर वारकरी. वाटेत भेटेल त्याच्या पायांना हात लावतो, ती धूळ कपाळी लावतो. ज्या वाटेची धूळ कपाळी लावायची, तिच्यावरच पान खाऊन थुंकायचे काय? ज्या चंद्रभागेत बुडी मारायची, तिच्याच काठी पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडायच्या? "आहेत की पालिकेचे लोक," असे म्हणणे म्हणजे ती जुनीच विभागणी नव्या तोंडाने बोलणे होय. झाडणारा तोही माणूस आहे, त्याच्याही हृदयात पांडुरंग आहे. पांडुरंगाकडून आपले उष्टे उचलवून घ्यायचे, हे भक्ताला शोभत नाही.

तेव्हा घाण कोणाची, याचे उत्तर सोपे आहे. ज्याने केली त्याची. पालखीच्या मुक्कामी उठताना ज्याने त्याने मागे वळून आपली बसलेली जागा पाहावी, आणि तेथे काही पडले असेल तर वाकून उचलावे. नमस्काराला वाकतोच आहोत, आणखी एकदा वाकायला काय हरकत?