सोबतीला वैरी

अमरावतीला बहिणीकडे गेलो की भाचा मला टीव्हीसमोर बसवतो. घरात एक जुना प्लेस्टेशन आहे, दोन रिमोट आहेत. गेल्या खेपेला त्याने ‘रॅचेट अँड क्लँक : ऑल फोर वन’ हा २०११ सालचा खेळ लावला. उड्या मारायच्या, दऱ्या ओलांडायच्या, आडवे येतील त्यांना लोळवायचे आणि मधूनमधून पोट धरून हसायचे, असा त्याचा थाट. मी एका यंत्रमानवावर नेम धरू लागलो तसा भाचा ओरडला, “मामू, उसको मत मारो, वो अपने साथ है!”

तो होता डॉक्टर निफेरिअस, रॅचेट या नायकाचा आधीपासूनचा वैरी. गडी मोठा गमतीचा आहे. संताप अनावर झाला की त्याचे डोके अडकते आणि त्यातून कुठल्याशा टीव्ही मालिकेचे रडके संवाद ऐकू येतात. या खेळात तो नायकाला पकडायला सापळा लावतो, पण त्याने आणलेला राक्षस त्याच्यावरच उलटतो आणि शेवटी सगळेच एका परक्या यंत्राच्या तावडीत सापडतात. मग सुटकेसाठी एकमेकांचा हात धरणे आले. एकाने दुसऱ्याला नळीत ओढून घ्यायचे आणि दरीपलीकडे फेकायचे. सर्वांनी एकच हत्यार एकाच शत्रूवर रोखले तर मारा वाढतो. गंमत अशी, की एवढे होऊनही बोल्ट कोणी जास्त जमवले याची मोजदाद चालूच असते. मैत्री झालेली नसते, फक्त सोबत असते.

“पुढे हा सुधारला का?” मी विचारले. नाही. २०२१ साली आलेल्या ‘रिफ्ट अपार्ट’मध्ये तो पुन्हा खलनायकच आहे. मग आधीचे ते एकमेकांना सावरणे वाया गेले म्हणायचे का?

हाच प्रश्न मी अकोल्यात ऐकला आहे, आणि तेव्हा कोणी हसत नव्हते. २०२० साली करोनाने शहर हादरले होते. मयताला हात लावायला घरचे लोक धजत नव्हते. त्या दिवसांत कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी मुसलमानांच्या मयती दफन केल्या आणि हिंदू मृतांना अग्नीही दिला. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. मग १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात दंगल झाली, एक माणूस जिवानिशी गेला, संचारबंदी लागली. त्यानंतर चहाच्या टपरीवर एकाने विचारले, “इतके करून काय मिळाले आपल्याला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. (शेजारचा हिंदू म्हणजे निफेरिअस नव्हे, हे सांगायला नको. पलीकडच्या टपरीवर कोणी हाच प्रश्न आपल्याविषयी विचारत नसेल, असे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.)

आता वाटते, त्या प्रश्नातला हिशेबच चुकला होता. प्रतिस्पर्ध्याला मदत केली की तो बदलला पाहिजे, नाही बदलला तर मदत फुकट, असे आपण धरून चालतो. म्हणजे आपण मदत करत नाही, उधारी देतो.

बाळापूर तालुक्यातल्या दोन भावांना मी ओळखतो. धुऱ्यावरून त्यांचे भांडण कोर्टात आहे, वर्षानुवर्षे बोलचाल नाही. दोघांकडे एकेकच बैल उरला. मृगाचा पाऊस पडला, काळ्या जमिनीला वाफसा आला की पेरणीला दिवस हातात थोडे असतात आणि एका बैलावर तिफण चालत नाही. तेव्हा एक बैल याचा, एक त्याचा. आधी याचे वावर, मग त्याचे. तारखेला दोघे वेगवेगळ्या गाडीने जातात. हे ढोंग आहे असे मला कधी वाटले नाही.

प्रेषित मुहंमद (स.) तरुण असताना मक्केत ‘हिल्फुल फुजूल’ हा करार झाला. येमेनच्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन मक्केतल्या बड्या माणसाने पैसे बुडवले होते. तेव्हा काही घराण्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि पीडिताच्या बाजूने उभे राहण्याची शपथ घेतली. प्रेषितही त्यांत होते. पुढे याच मक्केने त्यांचा छळ केला, बहिष्कार टाकला, गाव सोडायला लावले, लढाया झाल्या. तरीही, आजही त्या कराराच्या नावाने कोणी हाक दिली तर मी ओ देईन, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. मक्का बदलली की नाही, या प्रश्नावर त्यांनी कराराची किंमत ठरवली नाही.

अर्थात सोबत कशासाठी, हेही पाहावे लागते. सूरह माइदाची दुसरी आयत नेकीच्या कामात साहाय्य करा म्हणते, आणि लगेच गुनाह व जुलुमात साहाय्य करू नका असेही बजावते. त्याच आयतीत, ज्यांनी तुम्हांला काबागृहापासून अडवले त्यांच्या द्वेषापायीही मर्यादा ओलांडू नका, असे आहे. बाजारात एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन व्यापारी शेतकऱ्याच्या कापसाचा भाव पाडायला कसे एक होतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. त्या एकीला कोणी सलोखा म्हणू नये.

खेळात पुढची दरी आली. निफेरिअसला पलीकडे फेकायचे काम माझ्याकडे होते. भाचा “मामू, फेको ना!” म्हणून घाई करत होता. मी फेकले, पण त्याआधी त्याचे बोल्ट माझ्यापेक्षा जास्त झालेत का, ते एकदा पाहून घेतले.