देखभाल हेही अभियांत्रिकीच

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासात अनेक वर्षे असलेले अभियंते. २०२४ च्या मार्चमध्ये ते पोस्टग्रेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरच्या यंत्रात लॉगिन करण्यासाठी जो एसएसएच नावाचा प्रोग्रॅम वापरतात, त्याला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते सोडून दिले नाही. माग काढत ते ‘एक्सझेड युटिल्स’ या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचले. २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी जाहीर केले की या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. ठरावीक गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला अशा यंत्रावर हवे ते हुकूम चालवता आले असते. डेबियन, फेडोरा, ओपनसुसे यांच्या चाचणीसाठीच्या किंवा सतत अद्ययावत होणाऱ्या आवृत्त्यांत हा कोड शिरलाही होता. तिथून तो यथावकाश स्थिर आवृत्त्यांत आणि जगभरच्या सर्व्हरांवर गेला असता. असे धोके मोजण्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले.

ही हकीकत सहसा फ्रॉइंड यांच्या तल्लखपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्यांना श्रेय मिळायलाच हवे. पण संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणून मला त्या अर्ध्या सेकंदापेक्षा त्याआधीची दोन वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात.

एक्सझेड हे फिनलंडच्या लासे कॉलिन यांचे काम. त्यांनी ते अनेक वर्षे, पगाराशिवाय, जवळजवळ एकट्याने सांभाळले. २०२१ पासून ‘जिया टॅन’ नावाचे एक खाते त्यांना मदत करू लागले. छोट्या दुरुस्त्या, सभ्य भाषा, नियमित हजेरी. २०२२ मध्ये दुसरी काही खाती उगवली आणि त्यांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लावला : काम फार हळू चालले आहे, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिन यांनी त्यावर मोकळेपणाने लिहिले की आपण बराच काळ मानसिक स्वास्थ्याच्या अडचणींशी झगडतो आहोत आणि हा मोबदल्याविना चाललेला छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात असू द्या. दबाव कमी झाला नाही. हळूहळू जिया टॅन याच्याकडे सहदेखभालीचे अधिकार आले, पुढे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचेही. तगादा लावणारी खाती काम झाल्यावर नाहीशी झाली. या नावांमागे कोण होते, हे आजवर जाहीरपणे सिद्ध झालेले नाही.

कोड लपवण्याची युक्ती चलाखीची होती. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फायलींत तो दडवला होता, आणि तो जागा करणारी ओळ जाहीर कोडसाठ्यात नव्हती, फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. तरीही हा हल्ला मुळात संगणकावरचा नव्हता. तो एका थकलेल्या माणसावरचा होता. त्या माणसाच्या शेजारी कुणी खरोखरच उभे असते, त्याला रजा घेता आली असती, कोडवर नजर टाकायला विश्वासाचे दुसरे कुणी असते, तर तगाद्याला एवढे बळ आले नसते. एकटेपणा हीच तिथली सुरक्षेची त्रुटी होती, आणि ती कुठल्याही अपडेटने बुजत नाही.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की फुकटच्या, कुणाच्याही हाती लागणाऱ्या कोडवर विसंबणेच चूक. पैसे मोजून जबाबदार कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे. मला हे पटत नाही. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या नामांकित सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली. तिथे पैशांची कमतरता नव्हती, कंपनीही जबाबदार होती. एक्सझेडचा चोरदरवाजा सापडला तो कोड उघडा होता म्हणून; फ्रॉइंड यांना कुणाची परवानगी न मागता आत डोकावता आले. पण उघडा कोड म्हणजे वाचला गेलेला कोड, असेही समजू नये. २०१४ मध्ये इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पात हार्टब्लीड ही चूक उघडकीला आली. जगातल्या बँका आणि दुकाने ज्यावर विसंबून होती त्या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी देणगीरूपाने जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या मुक्त लायब्ररीतली गंभीर चूक उघडकीला आली तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या, आणि दुरुस्ती करायला बसले ते बहुतांशी स्वयंसेवकच.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. तुम्ही फोनवर ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचता तेव्हा संगणकाच्या लेखी त्यातला ‘ष्ट्र’ म्हणजे सुटी पाच चिन्हे असतात : ष, हलन्त, ट, हलन्त, र. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर, दिसावी लागते क च्या आधी. या चिन्हांचे आपल्या डोळ्यांना ओळखीचे जोडाक्षर करण्याचे काम अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या सगळ्यांत ‘हार्फबझ’ नावाची एक मुक्त लायब्ररी करते. तिच्यामागे इराणमध्ये वाढलेले बेहदाद एस्फहबोद आणि इजिप्तचे खालेद होस्नी यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. आपल्यातल्याही काहींनी या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’सारखे देवनागरी फॉन्ट सर्वांसाठी खुले केले, लोहित फॉन्टमालेवर पुण्यात काम झाले. मराठी अभिजात झाल्याचा आनंद आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये साजरा केला. तो पडद्यावर ज्या कोडने उमटवला त्याची देखभाल कोण करते, हे त्या आठवड्यात कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. भाषेच्या अर्थसंकल्पात संमेलने येतात, पुरस्कार येतात, ग्रंथालयेही येतात. हे काम त्यात असायला हवे असे मला वाटते.

आता माझ्या पिढीबद्दल. आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून सांगितले जाते की ओपन सोर्समध्ये योगदान दाखवा, रेझ्युमे उठून दिसतो. सल्ला चांगला आहे, हेतू बिघडलेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमात टी-शर्टच्या आमिषाने जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर आला. कुठे वाक्यात एक विशेषण घातलेले, कुठे शीर्षकात ‘अमेझिंग’ जोडलेले. त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. आयोजकांना नियम बदलून प्रकल्पांची पूर्वसंमती सक्तीची करावी लागली. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पावर हेच पुन्हा घडले. एका शिकवणीच्या व्हिडिओतले उदाहरण गिरवत शेकडो मुलांनी त्याच्या माहितीपत्रात स्वतःचे नाव घालण्याच्या विनंत्या पाठवल्या. यातली प्रत्येक विनंती कुणीतरी उघडून, वाचून, नाकारली. त्यात त्या माणसाची संध्याकाळ गेली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे ओझे अनेक पटींनी वाढवले आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणारे ‘कर्ल’ हे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतात. गाड्यांपासून टीव्हीपर्यंत अब्जावधी ठिकाणी ते बसलेले आहे. सुरक्षेची खरी चूक दाखवणाऱ्याला कर्ल बक्षीस देत असे. २०२४ पासून स्टेनबर्ग जाहीरपणे सांगत आले की चॅटबॉटने लिहिलेल्या, दिसायला अस्खलित पण पूर्णतः खोट्या तक्रारींचा मारा होतो आहे. अखेर २०२६ च्या सुरुवातीला त्यांनी बक्षीस योजनाच बंद केली. कोड लिहिणे आता स्वस्त झाले आहे, अहवाल लिहिणे तर फुकटच. तो वाचून खरा की खोटा ठरवायला मात्र पूर्वीइतकाच जाणता माणूस आणि तितकाच वेळ लागतो. बातम्यांत सगळी चर्चा ‘कोड कोण लिहिणार’ याची आहे. मला काळजी आहे ती ‘कोण वाचणार’ याची.

आमचे शिक्षण वाचायला शिकवत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प नवा असावा लागतो. दरवर्षी नवी हजेरी प्रणाली उभी राहते, नवी ग्रंथालय प्रणाली उभी राहते, प्रकल्प-अहवालाचे ब्लॅकबुक बांधले जाते, तोंडी परीक्षा होते आणि तो कोड पुन्हा कुणी उघडत नाही. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने लिहिलेल्या लाखभर ओळींत शिरून, तो असा का आहे हे समजून घेऊन, त्यातली एक चूक इतर काही न मोडता दुरुस्त करणे याला आमच्या गुणपत्रिकेत जागा नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून हेच करावे लागते. धरण बांधणाऱ्यांइतक्याच मानाने आपण त्याच्या भिंतीतली गळती मोजणाऱ्यांकडे पाहिले पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये तर गळती मोजणारा बहुधा नेमलेलाच नसतो.

पैशांचे म्हणाल तर वाटा दिसू लागल्या आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ उभारला आणि सरकारी पैशातून कर्लसारख्या प्रकल्पांची देखभाल सुरू केली. भारतात झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच कामासाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका खासगी कंपनीने हे करावे आणि सरकारने बघत राहावे, हे योग्य नाही. आधारची उभारणी करताना मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम दिला गेला. केंद्राचे २०१५ चे धोरण सरकारी कामात ते वापरा असे सांगते, या समुदायांना हातभार लावण्याची भाषाही करते. यूपीआयवर मे २०२५ या एका महिन्यात १,८०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या प्रमाणावर डिजिटल व्यवहार करणाऱ्या देशाने आपल्या यंत्रणांखालच्या लायब्ररींची यादी करावी, त्यातल्या कुठल्या एकाच माणसाच्या खांद्यावर आहेत हे शोधावे आणि त्या माणसाला विचारावे की तुला काय हवे. कुणाला पगार हवा असेल, कुणाला विश्वासू सहकारी, कुणाला फक्त वर्षभराची विश्रांती. कॉलिन यांना नुसत्या पैशांनी किती फरक पडला असता हे मी सांगू शकत नाही, पण विचारणारे कुणी असते तर नक्कीच पडला असता.

आणखी एक गोष्ट मला ठामपणे म्हणायची आहे. जिया टॅनच्या धसक्याने अनोळखी माणसांना दारातच अडवायचे ठरवले, तर ज्या मोकळेपणामुळे पुण्या-नागपुरातली एखादी मुलगी फिनलंडच्या प्रकल्पात काम करू शकते तो मोकळेपणाच संपेल. विश्वास टिकवायचा असेल तर तो तपासून पाहायला पुरेशी माणसे हवीत, आणि ती माणसे आमच्या वर्गांत बसलेली आहेत.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे : चालू असलेल्या एखाद्या मुक्त प्रकल्पाची वर्षभर देखभाल, हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मान्य करा, आणि त्याचे मूल्यमापन स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्त्यांवर आणि वाचून निकालात काढलेल्या तक्रारींवर करा. माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे की नियम बदलण्याची वाट पाहू नका. एक प्रकल्प निवडा, त्याच्या जुन्या तक्रारी वाचायला घ्या, आणि पहिली विनंती पाठवण्याआधी सांभाळणाऱ्याला विचारा की त्याला खरी मदत कशाची होईल.