पाणथळ तुकड्याचा शब्बाथ



अमडापूर परिसरात आपल्यापैकी अनेकांच्या शेतात नाल्याकाठी एखादा सखल तुकडा असतो. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, वाफसा येत नाही, सोयाबीन पिवळे पडते. आपण त्याला चिबड म्हणतो आणि चारी खोदून पाणी नाल्याला लावून देतो. पाणी जाते; पीक मात्र दरवर्षी हाती लागतेच असे नाही, आणि उन्हाळ्यात त्याच शेतातली विहीर तळ गाठते.

यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेली नदी आपल्या परिचयाची आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेले पाणी खाऱ्या समुद्राला गोडे करते, मासे येतात, काठावर फळझाडे वाढतात. मिस्सातील वाचनात मात्र सत्तेचाळिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन गाळलेले असते. तेथे म्हटले आहे की, दलदली गोड होणार नाहीत, त्या मिठासाठी तशाच राहतील. काही जण हे शापासारखे वाचतात. आम्हाला तसे वाटत नाही. प्रत्येक अन्नार्पणाला मीठ लावावे अशी आज्ञा होती (लेवीय २:१३). ते मीठ कुठून येणार? सगळे बरे करणाऱ्या नदीनेही दलदलीला दलदल राहू दिले. आपल्या जिल्ह्यातील लोणारचे खारे पाणी नांगराच्या काय कामाचे? तरी २०२० साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते गेले.

मोडलेली पाणथळ परत येते का? अब्राहामाचे ऊर नगर ज्या प्रदेशात होते, त्या दक्षिण इराकमध्ये हिद्देकेल आणि फरात नद्यांच्या मोठ्या दलदली होत्या. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या राजवटीने बांध व कालवे काढून त्या जवळजवळ पूर्ण कोरड्या केल्या. २००३ मध्ये राजवट पडताच तिथल्या लोकांनी स्वतःच बांध फोडले. पाणी आले, बोरू उगवले, म्हशी आणि मासेमार परतले. सगळीकडे नाही, जिथे क्षार वर आले होते तिथे बोरू उगवलेच नाहीत. पुढे दुष्काळाने आणि वरच्या धरणांनीही पुष्कळ हिरावून घेतले. तरीही २०१६ मध्ये युनेस्कोने या दलदली जागतिक वारशात घेतल्या.

आपले काम त्या मानाने फार लहान आहे. चारीचे तोंड माती-दगडाने बुजवायचे, तेवढ्या तुकड्यात नांगर आणि फवारणी थांबवायची. लव्हाळा, पाणकणीस बहुधा आपणहून येतात, कारण पाणवनस्पतींचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. शेततळे खोदणे हे वेगळे काम. त्याच्या उभ्या काठावर बगळ्याला पाय टेकायलाही उथळ जागा नसते.

ज्याची दोनच एकर आहे, त्याला अर्धा एकर सोडा म्हणायला आमची जीभ रेटत नाही. ज्याची जास्त आहे त्याला मात्र विचारतो. लेवीय २५ मध्ये जमिनीलाही शब्बाथ आहे. तो लोकांनी दिला नाही, तेव्हा ते बंदिवासात गेले असता जमिनीने तो घेतला, असे २ इतिहास ३६:२१ सांगते.

एक गोष्ट आधी करावी. आपली चारी बुजली तर पाणी शेजाऱ्याच्या तुरीत शिरेल का, हे त्याच्यासोबत बांधावर उभे राहून पाहावे. बांधावरून बोलणे बंद असेल, तर वेदीपुढे दान ठेवून आधी भावाकडे जा, हे येशूचे सांगणे (मत्तय ५:२३-२४) त्या बांधालाही लागू आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर अशी जमीन असलेल्यांनी थोडा वेळ थांबावे; शेजाऱ्यालाही घेऊन यावे, तो आपल्या चर्चचा नसला तरी.